सर्वांस एकच शिळा

नोव्हेंबर महिन्याच्या अकराव्या दिवशी सकाळचे अकरा वाजले की ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी अनेक देशांतील हजारो लोक आपापले काम बाजूस ठेवून स्तब्ध उभे राहतात. १९१८ साली याच दिवशी आणि याच घटकेला पश्चिम युरोपातील रणभूमीवर पहिल्या महायुद्धाच्या तोफा थांबल्या. पुढील वर्षी, म्हणजे १९१९ साली, राजे पाचवे जॉर्ज यांनी आपल्या प्रजाजनांस दोन मिनिटे मौन पाळण्याचे आवाहन केले आणि तेव्हापासून ही प्रथा रूढ झाली. त्या दोन मिनिटांत रणांगणावर देह ठेवलेल्या सैनिकांचे स्मरण करावयाचे असते.

परंतु स्मरण करावयाचे म्हटले की ते कोणाचे, हा प्रश्न आधी उभा राहतो. पूर्वीच्या काळी युद्धात पडलेल्या राजांच्या आणि सेनापतींच्या समाध्या बांधल्या जात. त्यांच्यासाठी लढलेल्या साध्या शिपायाच्या वाट्यास बहुधा एखादा सामाईक खड्डा येई. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत पडलेले हजारो शिपाई असेच मातीआड झाले. आपल्याकडे गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. लढणारा वीर, त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वरती चंद्रसूर्य हे सारे त्या दगडावर कोरलेले असते. मात्र त्या वीराचे नाव बहुतेक वीरगळांवर आढळत नाही. सामान्य सैनिकाचेही नाव राहिले पाहिजे आणि ते सेनापतीच्या नावाइतक्याच मानाने राहिले पाहिजे, असा आग्रह धरून त्यासाठी ज्यांनी आपल्या आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे वेचली, त्या पुरुषाचे नाव सर फेबियन वेअर.

फेबियन वेअर यांचा जन्म १७ जून १८६९ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या क्लिफ्टन या भागात झाला. त्यांचे घराणे प्लिमथ ब्रदरन या ख्रिस्ती पंथाचे होते. या पंथाचे आचार कडक आणि राहणी साधी असे. फेबियन यांचे आरंभीचे शिक्षण घरीच झाले. पुढे लंडन विद्यापीठात काही काळ शिकून ते पॅरिसला गेले आणि १८९४ साली तेथील विद्यापीठाची विज्ञान शाखेची पदवी त्यांनी मिळविली. पॅरिसच्या वास्तव्यात फ्रेंच भाषा आणि फ्रेंच माणसांची रीतभात त्यांना उत्तम अवगत झाली. पुढे याच ज्ञानाच्या बळावर त्यांच्या हातून एक फार मोठे कार्य व्हावयाचे होते. परंतु त्या वेळी त्याची कल्पना कोणालाही नव्हती.

काही वर्षे त्यांनी शाळांतून अध्यापन केले. १९०१ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि ट्रान्सवाल प्रांताच्या शिक्षण खात्यात काम करू लागले. लवकरच त्या खात्याचे संचालकपद त्यांच्याकडे आले. तेथील राज्यकर्ते लॉर्ड मिल्नर यांचा त्यांच्यावर विशेष लोभ होता. १९०५ साली स्वदेशी परतल्यावर लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकाचे संपादकत्व त्यांनी पत्करले आणि १९११ पर्यंत ते सांभाळले. वेअर हे साम्राज्याचे कट्टर अभिमानी होते. ब्रिटिश साम्राज्यातील देश हे एकमेकांचे भागीदार व्हावेत, असे त्यांना वाटे. कामाचा उरक, माणसे जोडण्याची हातोटी आणि घेतलेले काम तडीस नेण्याचा हट्ट हे गुण या काळात त्यांच्या अंगी चांगलेच बाणले होते.

१९१४ च्या ऑगस्ट महिन्यात महायुद्ध पेटले. वेअर यांनी सैन्यात जाण्यासाठी अर्ज केला. परंतु त्यांचे वय पंचेचाळीस वर्षांचे असल्यामुळे तो नाकारण्यात आला. दुसरा एखादा गृहस्थ अशा वेळी स्वस्थ बसला असता. वेअर यांनी मात्र मिल्नर यांच्या मदतीने रेड क्रॉस संस्थेकडून दुसरे काम मिळविले. खासगी मोटारी आणि त्या चालविणारे स्वयंसेवक यांचे एक पथक फ्रान्समध्ये होते. जखमी व हरवलेल्या सैनिकांचा शोध घेऊन त्यांना इस्पितळात पोहोचवावयाचे, हे त्या पथकाचे काम. सप्टेंबर महिन्यात वेअर फ्रान्समध्ये दाखल झाले आणि या पथकाची सूत्रे त्यांनी हाती घेतली.

जखमींच्या शोधात हिंडत असताना एक गोष्ट त्यांच्या मनास सारखी टोचू लागली. वाटेवर, शेतांच्या बांधांवर, चर्चच्या आवारात जागोजागी ताज्या कबरी दिसत. सोबत्यांनी घाईघाईने खड्डा खणून आपल्या मित्राला मूठमाती दिलेली असे आणि वर लाकडाच्या दोन फळ्यांचा क्रूस रोवलेला असे. त्यावर पेन्सिलीने लिहिलेले नाव दोन पावसांत धुऊन जाई. कोण कोठे पुरला गेला याची नोंद ठेवणारा अधिकारी सैन्यात कोणीच नव्हता. घरी वाट पाहणाऱ्या आईबापांस मुलगा गेल्याची वार्ता कळे. परंतु तो कोठे विसावला आहे, हे सांगण्यास कोणी नसे.

१९१४ च्या ऑक्टोबरात बेथ्यून या गावच्या दफनभूमीत वेअर यांनी पथकाचे हे नवे काम आरंभिले. रेड क्रॉसच्या एका अधिकाऱ्याने तेथील क्रूसांवर नावे कायमची राहतील अशा रीतीने लिहिण्याचे सुचविले आणि संस्थेने त्यासाठी पैसेही दिले. मग वेअर यांच्या माणसांनी कबरी शोधावयाच्या, ओळख पटवावयाची, नाव, पलटण आणि दिनांक वहीत टिपावयाचे आणि क्रूसावर टिकाऊ अक्षरांत नाव घालावयाचे, असा क्रम सुरू झाला. पुढे तर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर यंत्राने अक्षरे उठवून त्या पट्ट्या क्रूसांवर ठोकण्यात येऊ लागल्या. तोफांचा मारा चालू असतानाही हे काम थांबत नसे.

या कामाचे मोल सैन्याच्या वरिष्ठांना लवकरच पटले. आपण पडलो तर आपली नोंद राहील, आपल्या घरी कळेल, या विश्वासाने खंदकातील शिपायाच्या मनाला केवढा धीर येतो, हे त्यांनी ओळखले. १९१५ च्या मार्च महिन्यात वेअर यांच्या पथकाला सैन्याची अधिकृत मान्यता मिळाली. ज्यांना वयामुळे सैन्याने नाकारले होते, तेच वेअर आता सैन्यात मेजर झाले. त्या वर्षाच्या ऑक्टोबरपर्यंत एकतीस हजारांहून अधिक कबरींची नोंद झाली होती. घरच्या माणसांची पत्रे येत; त्यांना कबरीचे स्थान कळविण्यात येई आणि जमेल तेव्हा कबरीचे छायाचित्रही पाठविले जाई. समुद्रापलीकडील एखाद्या खेड्यात बसलेल्या मातेला त्या लहानशा छायाचित्राने काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

याच सुमारास एक निराळाच प्रश्न उद्भवला. श्रीमंत व वजनदार घराण्यांतील काही लोक खटपट करून आपल्या मुलांचे देह उकरून स्वदेशी नेऊ लागले. १९१५ च्या एप्रिल महिन्यात माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचे नातू लेफ्टनंट विल्यम ग्लॅडस्टन हे फ्रान्समध्ये धारातीर्थी पडले. त्यांचा देह असाच इंग्लंडला नेण्यात आला. वेअर यांना हे रुचले नाही. एका घराण्याला जी सवलत मिळते ती शेजारच्या कबरीतील शेतकऱ्याच्या किंवा खाणकामगाराच्या मुलाला कोठून मिळणार? ज्यांनी एकाच खंदकात एकच संकट सोसले, त्यांच्यात मृत्यूनंतर भेद का करावा? फ्रेंच सेनापती जॉफ्र यांनी देह उकरण्यास बंदी घातली आणि ब्रिटिश सैन्यातही तशीच बंदी झाली. या बंदीमागे वेअर यांचा आग्रह होता. पुढे त्यांनी जे तत्त्व जन्मभर सांभाळले, त्याचा उगम येथे झाला.

कबरी परक्या भूमीत राहावयाच्या तर ती भूमी कायमची हवी. वेअर यांचे फ्रेंच भाषेचे ज्ञान येथे कामी आले. त्यांच्या वाटाघाटींना यश येऊन २९ डिसेंबर १९१५ रोजी फ्रान्समध्ये एक कायदा मंजूर झाला. मित्रराष्ट्रांच्या सैनिकांच्या दफनभूमींसाठी फ्रेंच राष्ट्राने स्वखर्चाने जमीन घेऊन ती कायमची द्यावी, असे त्यात ठरले. तरीही वेअर यांचे समाधान झाले नाही. युद्ध संपेल, सैन्य घरी जाईल, मग या लाखो कबरींकडे पाहणार कोण, ही चिंता त्यांना होती. त्यांच्या प्रयत्नांमुळे २१ मे १९१७ रोजी राजाच्या सनदेने इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे साम्राज्याचा युद्धसमाधी आयोग, स्थापन झाला. युवराज त्याचे अध्यक्ष आणि वेअर उपाध्यक्ष झाले. आयोगाचा सारा भार मात्र वेअर यांच्याच खांद्यावर होता.

दफनभूमी कशा असाव्यात हे ठरविण्यासाठी वेअर यांनी त्या काळचे नामांकित लोक एकत्र आणले. नव्या दिल्लीची रचना करणारे एडविन लट्येन्स आणि हर्बर्ट बेकर हे वास्तुशिल्पी त्यांत होते. रेजिनाल्ड ब्लूमफील्ड हे तिसरे. ब्रिटिश म्युझियमचे संचालक फ्रेडरिक केन्यन यांनी सर्वांची मते ऐकून १९१८ साली आपला अहवाल दिला. त्यातील मुख्य सूत्र समतेचे होते. अधिकारी आणि शिपाई, उमराव आणि मजूर, सर्वांच्या डोक्याशी एकाच मापाची शिळा असावी. सुमारे ८१ सेंटिमीटर उंच आणि ३८ सेंटिमीटर रुंद अशा त्या दगडावर पलटणीचे चिन्ह, हुद्दा, नाव, मृत्यूचा दिनांक आणि ज्याच्या त्याच्या धर्माचे चिन्ह कोरावे. खाली घरच्या माणसांना थोडी अक्षरे आपल्या इच्छेप्रमाणे घालता यावीत. मेलेला सैनिक कोणत्या धर्माचा, हे न पाहता सर्वांना आपली वाटावी अशी स्मरणशिलाही लट्येन्स यांनी रेखाटली. तिच्यावर कोणत्याही धर्माचे चिन्ह नव्हते.

हे सूत्र आज सर्वांस सहज पटते. परंतु त्या वेळी त्याविरुद्ध मोठे वादळ उठले. ज्यांचे मुलगे गेले होते, तेच आईबाप विरोधास उभे राहिले. मुलगा आमचा, त्याचा देह घरी आणू देत नाहीत आणि त्याच्या कबरीवर आमच्या आवडीचा क्रूसही उभारू देत नाहीत, मग हा न्याय कसला, असे ते विचारीत. एक्झेटरच्या बिशपांच्या पत्नी लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांचे तीन मुलगे या युद्धात गेले होते. त्यांच्या पुढाकाराने आठ हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज युवराजांकडे गेला. कबरीवर क्रूस असावा, एवढीच त्या मातांची याचना होती. तिच्यामागे श्रीमंतीचा दिमाख नसून पोळलेले काळीज होते. म्हणूनच तिला उत्तर देणे कठीण होते.

४ मे १९२० रोजी हा वाद ब्रिटिश पार्लमेंटात आला. वेअर स्वतः सभासद नव्हते. परंतु आयोगाची बाजू मांडणाऱ्यांना त्यांनी सारी माहिती पुरविली होती. विल्यम बर्डेट-कूट्स या सभासदाने आयोगाच्या वतीने भाषण केले. त्या भाषणात रडयार्ड किपलिंग यांचे पत्र वाचून दाखविण्यात आले. मुंबईत जन्मलेले हे विख्यात लेखक आयोगाचे साहित्यविषयक सल्लागार होते. त्यांचा अठरा वर्षांचा एकुलता एक मुलगा जॉन १९१५ साली लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता. पित्याच्या हयातीत त्याचा देह कधी सापडला नाही. ज्यांना मुलाची कबर लाभली ते तरी भाग्यवान; किपलिंग यांच्यासारख्या हजारो मातापित्यांना तीही लाभली नव्हती. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे स्मारक उभारले असते, तर गरिबाच्या मुलाची कबर पुन्हा कोपऱ्यात पडली असती. हा विचार सभागृहाला पटला आणि समतेचे तत्त्व कायम राहिले.

मग कामाला वेग आला. दगड कापण्याचे, अक्षरे कोरण्याचे, हिरवळ आणि फुलझाडे लावण्याचे काम एकाच वेळी शेकडो ठिकाणी चालू झाले. १९२७ सालापर्यंत पाचशेहून अधिक दफनभूमी तयार झाल्या आणि सुमारे चार लाख शिळा उभ्या राहिल्या. ज्यांचा देहच मिळाला नाही, त्यांची नावे मोठ्या स्मारकांवर कोरण्यात आली. बेल्जियममधील ईप्र येथील मेनिन द्वार १९२७ साली उघडले. त्यावर चौपन्न हजारांहून अधिक नावे आहेत. फ्रान्समधील थिएपव्हाल येथील स्मारक १९३२ साली पुरे झाले; त्यावर बहात्तर हजारांहून अधिक नावे आहेत. या अफाट याद्यांतील प्रत्येक नाव तपासून घेतलेले असे. एका अक्षराची चूक म्हणजे एका घराची दुखावलेली आठवण, हे आयोगाचे लोक जाणून होते.

या युद्धात भारताचे दहा लाखांहून अधिक लोक समुद्रपार गेले होते आणि सत्तर हजारांहून अधिक जणांनी प्राण वेचले होते. १९१४ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस भारतीय सैनिक मार्सेय बंदरात उतरले आणि अपरिचित थंडीत, चिखलाने भरलेल्या खंदकांत त्यांनी तो पहिला हिवाळा काढला. १९१५ च्या मार्चमध्ये नव्ह शापेल या गावी झालेल्या लढाईत त्यांनी पराक्रमाची शर्थ केली. त्याच ठिकाणी ७ ऑक्टोबर १९२७ रोजी भारतीय सैनिकांच्या स्मारकाचे अनावरण झाले. हर्बर्ट बेकर यांनी त्याची रचना भारतीय शैलीत केली असून कमळ धारण केलेला एक उंच स्तंभ तेथे उभा आहे. ज्यांची कबर नाही अशा चार हजार सातशेहून अधिक भारतीयांची नावे तेथे कोरलेली आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारा गढवाल रायफल्सचा गबर सिंह नेगी याचे नाव तेथे इतर साध्या शिपायांच्या पंक्तीतच आहे. दिल्लीचे इंडिया गेटही आयोगाच्या वतीने लट्येन्स यांनी उभारले. १९३१ साली त्याचे उद्घाटन झाले आणि त्यावरही तेरा हजारांहून अधिक नावे आहेत.

परंतु युरोपात जे तत्त्व वेअर यांनी पार्लमेंटाशी झुंजून राखले, ते सर्वत्र राखले गेले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, भारतीय सैनिक सर्वांत मोठ्या संख्येने लढले. तेथील सहावी डिव्हिजन पुण्याच्या नावाने ओळखली जाई. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. कुत या गावी शत्रूच्या वेढ्यात या सैन्याने जवळजवळ पाच महिने उपासमार सोसली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्याला शरण जावे लागले. कित्येक जण पुढे कैदेत मरण पावले. या रणभूमीवर पडलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे १९२९ साली स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे आली, भारतीय अधिकाऱ्यांचीही आली. साध्या भारतीय शिपायांची मात्र आली नाहीत. पलटणीच्या नावाखाली इतके शिपाई, असा नुसता आकडा तेथे कोरला गेला. सातारा-रत्नागिरीकडून निघालेला शिपाई कुतच्या वाळूत पडला आणि स्मारकावर संख्येतील एक झाला. पूर्व आफ्रिकेतील हजारो हमालांच्या वाट्यास तर तेवढेही आले नाही. साम्राज्यातील सर्व देश भागीदार आहेत, असे वेअर मानीत. परंतु त्या साम्राज्याचे अधिकारी सर्व माणसांना सारखे मानीत नव्हते, आणि आयोगाने त्यांचे म्हणणे चालू दिले.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. सत्तर वर्षांचे वेअर पुन्हा त्याच कामास लागले. या युद्धात विमानांतून शहरांवर बाँब पडत होते आणि घरात झोपलेली माणसे मरत होती. अशा नागरिकांचीही नोंद राहिली पाहिजे, असा विचार त्यांनी मांडला. १९४१ साली आयोगाला तसा अधिकार मिळाला. सुमारे सदुसष्ट हजार नागरिकांच्या नावांचे ते ग्रंथ आज लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवलेले आहेत.

या युद्धातील मृतांच्या स्मारकांशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगावकडचा नाईक यशवंत घाडगे हा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचा वीर १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूची मशीनगन एकट्याने काबीज करून धारातीर्थी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या देहाची समाधी कोठे नाही. त्याचे नाव इटलीतील कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. पुण्याजवळ खडकी येथेही आयोगाची एक दफनभूमी आहे. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या, दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक सैनिकांच्या कबरी तेथे एकत्र आणलेल्या आहेत. एकाच उंचीच्या शिळांच्या त्या रांगा पाहताना कोण अधिकारी आणि कोण शिपाई, हे जवळ जाऊन वाचल्यावाचून कळत नाही.

प्रकृती खालावल्यामुळे १९४८ साली वेअर आयोगाच्या कामातून निवृत्त झाले. २८ एप्रिल १९४९ रोजी त्यांचे निधन झाले. सर ही पदवी आणि मेजर जनरलचा हुद्दा त्यांना लाभला होता. परंतु ग्लॉस्टरशायरमधील अँबर्ली या गावच्या चर्चच्या आवारात त्यांच्या कबरीवर साध्या शिपायाच्या शिळेसारखीच शिळा बसविण्यात आली. इतरांस जो नियम त्यांनी लावला, तोच त्यांनाही लागला.

१९६० साली आयोगाच्या नावातील साम्राज्य हा शब्द जाऊन त्या जागी राष्ट्रकुल हा शब्द आला. दोन्ही महायुद्धांतील सुमारे सतरा लाख मृतांच्या स्मृतीची जबाबदारी आज या आयोगावर आहे आणि दीडशेहून अधिक देशांत व प्रदेशांत त्याचे काम चालते. राहून गेलेली नावे हळूहळू कोरली जात आहेत. इंग्लंडमधील ब्रायटन शहराजवळ त्रेपन्न हिंदू व शीख सैनिकांवर अग्निसंस्कार झाले होते. तेथील छत्रीचे अनावरण १९२१ साली झाले. परंतु त्या त्रेपन्न जणांची नावे दगडावर यावयास २०१० साल उजाडावे लागले. २०२१ साली आयोगाने स्वतःच एक चौकशी करविली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या किमान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, आफ्रिकी व आशियाई लोकांचे नावानिशी स्मारक झाले नाही, किंवा कसलेच स्मारक झाले नाही, आणि त्यामागे वर्णभेदाची वृत्ती होती, असे तिच्यात आढळले. आयोगाने हे जाहीरपणे मान्य करून क्षमा मागितली आणि त्या नावांचा शोध हाती घेतला.

हा दोष कोणत्या मापाने मोजला गेला, हे मात्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मृत्यूपुढे सर्व सैनिक समान, प्रत्येकाचे नाव राहिले पाहिजे, हे माप वेअर यांनीच शंभर वर्षांपूर्वी घालून दिले होते. ते माप नसते, तर बसऱ्याच्या भिंतीवरील आकड्यात कोणाला उणेपणा दिसला नसता. एका पिढीच्या हातून जे अर्धे राहते, ते पुढच्या पिढीने पुरे करावयाचे असते. स्मरणाच्या दिवशी पाळलेली दोन मिनिटे लवकर सरतात. पण एखाद्या विसरलेल्या शिपायाचे नाव शोधून काढणे आणि ते त्याच्या गावी, त्याच्या घरी पोहोचविणे, हे काम वर्षभर चालावयास हवे. बेथ्यूनच्या दफनभूमीत हातात वही घेऊन उभ्या असलेल्या त्या पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थाने ज्या कामास आरंभ केला, ते अजून संपलेले नाही.